लॉटरीचे तिकीट आणि अनाथांची भाकर
(जॉर्ज म्युलर यांच्या जीवनावरून)



उपदेशाच्या निमित्ताने आम्ही निरनिराळ्या मंडळ्यांत जातो, तेव्हा उपासना संपल्यावर, चहाच्या वेळी, एक प्रश्न बहुतेक ठिकाणी कोणीतरी विचारतोच. एखाद्या बंधूने लॉटरीचे तिकीट घेतले, त्याला बक्षीस लागले आणि त्याचा दशमांश त्याने मंदिराच्या कामासाठी आणून दिला, तर मंडळीने तो घ्यावा की नाही? विचारणाऱ्याकडे बहुधा तिकीट असते, बक्षीस मात्र अजून लागलेले नसते. त्याने मनातल्या मनात प्रभूशी करार करून टाकलेला असतो: तू मला दे, मी तुला देईन.

असा प्रश्न करणाऱ्याला आम्ही हसत नाही, कारण आमचेही हात कोरे नाहीत. तरुणपणी आम्ही आमच्या मंदिराच्या छपरासाठी सोडतीची तिकिटे दारोदार विकली आहेत. हेतू चांगला होता, पैसेही जमले. त्या तिकिटांनी आमचे काय नुकसान केले ते आम्ही शेवटी सांगू. आधी एका थोर देवभक्ताचे चरित्र पाहू. तरुणपणी, आणि तेही प्रभूचा झाल्यावर, त्यानेसुद्धा लॉटरीचे तिकीट घेतले होते, आणि त्याला बक्षीसही लागले होते. ते देवभक्त म्हणजे ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर. हजारो अनाथांचे पिता म्हणून त्यांचे नाव आपण रविवारच्या शाळेत ऐकतो. त्यांच्या जीवनाची ही दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते.

जॉर्जचा जन्म २७ सप्टेंबर १८०५ रोजी प्रशिया देशातील क्रोपेनश्टेट या गावी झाला. वडील सरकारी करवसुली करणारे अधिकारी होते. मुलांना पैसा सांभाळण्याची सवय लागावी म्हणून ते त्यांच्या हाती वयाच्या मानाने पुष्कळ पैसे देत. घडले मात्र उलटेच. जॉर्ज पैसे उडवू लागला, हिशेब मागितला की खोटा देऊ लागला, आणि दहा वर्षांचा होण्याआधीच वडिलांच्या ताब्यातील सरकारी रकमेला हात घालू लागला. वडिलांना संशय आला. त्यांनी एकदा रक्कम मोजून खोलीत ठेवली व ते बाहेर गेले. जॉर्जने तीतून काही पैसे काढून बुटात पायाखाली लपवले. झडती झाली आणि चोरी सापडली. शिक्षा झाली, परंतु पुढच्या वेळी अधिक चतुराई कशी करावी एवढाच धडा त्याने घेतला.

मुलाने पाळक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. देवाच्या सेवेची ओढ हे तिचे कारण नव्हते. पाळकाला चांगले उत्पन्न व राहायला घर मिळते, तेव्हा आपले म्हातारपण तेथे सुखात जाईल, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून जॉर्जला हाल्बरश्टाटच्या शाळेत घातले. तो चौदा वर्षांचा असताना त्याची आई मरण पावली. ती आजारी आहे हे त्याला ठाऊक नव्हते. ती मृत्युशय्येवर होती त्या रात्री तो दोन वाजेपर्यंत पत्ते खेळत बसला होता, आणि दुसऱ्या दिवशी, रविवार असूनही, मद्य पिऊन सोबत्यांबरोबर रस्त्यांतून भटकत होता. पुढे दृढीकरणाच्या वेळी पाळकांना देण्यासाठी वडिलांनी दिलेल्या रकमेचा फक्त बारावा हिस्सा त्याने पाळकांच्या हाती ठेवला आणि बाकीची स्वतःच खाल्ली. अशा हातांनी त्याने प्रथम प्रभुभोजन घेतले.

सोळाव्या वर्षी तो घरातून पैसे घेऊन चैनीसाठी प्रवासाला निघाला, खाणावळींत राहिला, आणि पैसे संपले तेव्हा बिल न देता निसटताना पकडला गेला. १८ डिसेंबर १८२१ पासून १२ जानेवारी १८२२ पर्यंत तो तुरुंगात होता. तो नाताळ व ते नववर्ष त्याने चोरांच्या संगतीत काढले. वडिलांनी पैसे भरले तेव्हा तो सुटला. आपल्या घरातला एखादा मुलगा मटक्याच्या किंवा पत्त्यांच्या नादी लागला म्हणून जे आईबाप रात्री जागून काढत असतील, त्यांनी हा तुरुंगातला नाताळ ध्यानात ठेवावा. जॉर्ज म्युलर तेथून निघून प्रभूपर्यंत पोचले.

१८२५ साली तो ईश्वरविज्ञानाचा विद्यार्थी म्हणून हाले येथील विद्यापीठात दाखल झाला. त्याला उपदेश करण्याचा परवाना होता, पण पवित्र शास्त्र तो वाचीत नसे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मित्रांसह तो स्वित्झर्लंडच्या सहलीला गेला. सर्वांच्या पैशांची पिशवी त्याच्याकडे होती. त्याने हिशेब असा केला की मित्रांना जेवढा खर्च आला त्याच्या दोन तृतीयांशच त्याला आला. यहूदाजवळही पिशवी होती, आणि आपण त्या वेळी यहूदाच होतो अशी कबुली पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

नोव्हेंबर १८२५ मधील एका शनिवारी संध्याकाळी एका मित्राने त्याला वाग्नर नावाच्या एका व्यापाऱ्याच्या घरी प्रार्थनेला नेले. थोडी माणसे जमली होती. गीत झाले, एकाने गुडघे टेकून प्रार्थना केली, अध्याय वाचला गेला आणि एक छापील उपदेश वाचून दाखवण्यात आला, कारण पाळक हजर नसता इतरांनी शास्त्राचे विवेचन करण्यास त्या देशात मनाई होती. ईश्वरविज्ञानाच्या त्या विद्यार्थ्याने गुडघ्यांवर आलेला मनुष्य आयुष्यात प्रथमच पाहिला. त्याच्या मनात एक अपूर्व आनंद भरला. त्या रात्रीपासून त्याचे जीवन पालटले. आम्हा साध्या उपदेशकांना ही गोष्ट फार धीर देते. त्या घरात कोणी मोठा वक्ता नव्हता. गुडघे टेकणारी माणसे होती, आणि प्रभूला ती पुरेशी झाली.

येथून पुढे आम्ही त्यांना आदराने म्युलर साहेब म्हणू.

१८२६ च्या आरंभी मिशनरी होण्याची ओढ त्यांच्या मनात उत्पन्न झाली. वडिलांना कळवताच ते संतापले व रडलेही, कारण त्यांच्या म्हातारपणाचा आधार जाणार होता. ज्या इच्छेसाठी वडील पैसा खर्च करीत होते ती आपण पुरी करणार नाही, तर तो पैसा घेणे योग्य नव्हे, असे म्युलर साहेबांनी ठरवले आणि वडिलांकडून पैसे घेणे बंद केले. ज्याने बापाची पेटी फोडली त्यानेच बापाने देऊ केलेला पैसा नाकारला! प्रभूने त्यांची गरज भागवली. काही अमेरिकन गृहस्थ हाले येथे आले होते, त्यांना जर्मन भाषा शिकवण्याचे काम त्यांना मिळाले.

याच काळात ती लॉटरीची गोष्ट घडली. मिशनरी व्हावे की नाही हे त्यांना लवकर कळून घ्यायचे होते. वाट पाहवत नव्हती. तेव्हा त्यांनी राजाच्या सरकारी लॉटरीचे तिकीट विकत घेतले आणि मनात खूण ठरवली: काही रक्कम लागली तर प्रभू मला पाठवीत आहे, काही लागले नाही तर पाठवीत नाही. तिकिटाला लहानसे बक्षीस लागले. त्यांना वाटले, उत्तर मिळाले. त्यांनी लगेच बर्लिनच्या मिशनरी संस्थेकडे अर्ज केला. वडिलांची संमती नाही या कारणाने संस्थेने त्यांना घेतले नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. तिकिटाने होय म्हटले, आणि तरीही दार बंद झाले. बक्षीस खरोखर लागले होते, रक्कम खरोखर हातात आली होती, परंतु त्यातून देवाची इच्छा कळली नव्हती. पुढे म्युलर साहेबांनी हे आपल्या अज्ञानाचे व उतावीळपणाचे कृत्य म्हणून स्वतःच जाहीर केले. पवित्र शास्त्राचा शोध घ्यावा, प्रार्थना करावी, प्रभूची वाट पाहावी, हे सर्व टाळून झटपट उत्तर मिळवण्याची ती खटपट होती. आपल्यात कित्येक जण मत्थियाच्या निवडीचा दाखला देतात. प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या, मग आम्ही तिकीट घेतले तर काय बिघडले, असे ते म्हणतात. त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय पुन्हा वाचावा. तेथे कोणी पैसा लावला नाही आणि कोणाच्या खिशातून काही गेले नाही. शिवाय ती निवड पेंटेकॉस्टच्या आधीची आहे. पवित्र आत्मा आल्यावर मंडळीने पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचे नव्या करारात कोठेही आढळत नाही. लाभासाठी टाकलेल्या चिठ्ठ्या शुभवर्तमानात एकाच ठिकाणी आहेत, आणि त्या वधस्तंभाच्या पायथ्याशी शिपायांनी प्रभूच्या झग्यावर टाकल्या.

मार्च १८२९ मध्ये म्युलर साहेब इंग्लंडला आले व १८३० साली टिनमथ येथील लहान मंडळीचे पाळक झाले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला त्यांचा विवाह मेरी ग्रोव्हज यांच्याशी झाला. या बाई अँथनी नॉरिस ग्रोव्हज यांच्या भगिनी. ग्रोव्हज हे आधी बगदादला व नंतर आपल्या भारतात येऊन सेवा करणारे मिशनरी होते. त्या काळी मंदिरातील बसण्याच्या जागा भाड्याने देत आणि त्या भाड्यातून पाळकाला पगार मिळे. श्रीमंताला पुढची जागा आणि गरिबाला मागची, हे त्यांना याकोबाच्या पत्राविरुद्ध वाटले. विवाहानंतर काही आठवड्यांतच पतिपत्नींनी ठराविक पगार सोडला. मंदिरात एक पेटी ठेवली, ज्याला इच्छा होईल त्याने तीत टाकावे. त्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळ त्यांनी ठरलेला पगार कधीही घेतला नाही.

१८३२ साली ते ब्रिस्टलला गेले. रस्त्यांवर आईबापांवेगळी मुले भटकत. ११ एप्रिल १८३६ रोजी विल्सन स्ट्रीटवरील एका भाड्याच्या घरात त्यांनी मुलींसाठी पहिले अनाथगृह उघडले. अनाथांची सेवा हा हेतू होताच, परंतु आणखी एक हेतू त्यांनी स्पष्ट सांगितला होता. देव आजही प्रार्थना ऐकतो आणि त्याच्यावर भरवसा ठेवणाऱ्याला फजीत करीत नाही, हे सामान्य विश्वासणाऱ्यांना डोळ्यांनी दिसावे. म्हणून त्यांनी काही नियम घालून घेतले. कोणाजवळ पैसा मागायचा नाही, गरज फक्त प्रार्थनेत सांगायची. कर्ज काढायचे नाही. दुकानदाराकडे आठवड्याचे खातेही ठेवायचे नाही, रोजचा माल रोख घ्यायचा. प्रत्येक पैशाचा हिशेब छापून प्रसिद्ध करायचा. ज्याने बालपणी खोटे हिशेब दिले, त्याच्या वार्षिक हिशेबांत आता अनाथांसाठी आलेल्या लहानसहान नाण्यांचीही नोंद असे.

कोणी म्हणेल, हाही एक जुगारच झाला! उद्या पैसा येईल की नाही हे ठाऊक नसताना शेकडो मुलांना घरात घ्यायचे, याला दुसरे काय म्हणावे? हा आक्षेप आम्ही स्वतः ऐकला आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. म्हणून हा पैसा कोठून येई ते पाहू.

अनाथगृहाच्या आरंभीच्या दानांत एका शिवणकाम करणाऱ्या गरीब भगिनीचे दान होते. आठवड्याला काही शिलिंग एवढीच तिची मिळकत, प्रकृतीही नाजूक. तिला वारसाहक्काने ४८० पौंड मिळाले. तिचा मृत बाप व्यसनी व कर्जबाजारी होता. भावंडांनी सावकारांना पौंडामागे पाच शिलिंग देऊन कर्ज मिटवले होते. तिने मात्र उरलेले पंधरा शिलिंग आपल्या वाट्यातून गुपचूप फेडले. आईला १०० पौंड दिले. मग १०० पौंड अनाथगृहासाठी पाठवले. म्युलर साहेबांनी ती रक्कम आनंदाने उचलून ठेवली नाही. त्यांनी तिला भेटायला बोलावले. हे दान भावनेच्या भरात होत आहे काय, तिने पुढचा विचार केला आहे काय, पुढे तिला पस्तावा होईल काय, हे सर्व नीट विचारले. ती शांतपणे व पूर्ण विचाराने देत आहे अशी खात्री झाली तेव्हाच त्यांनी दान स्वीकारले. पुढे तिचा तो पैसा देण्यातच संपला, ती हातांनी कष्ट करीत राहिली, आणि दिल्याचे दुःख तिने कधी केले नाही.

याउलट, देणारा कर्जात आहे असे कळले तर म्युलर साहेब त्याचे दान परत करीत. रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायातील कर्जाविषयीचा उपदेश त्यांना दानापेक्षा मोठा होता. एकदा कोणी त्यांच्या म्हातारपणासाठी व कुटुंबासाठी निधी सुरू करावा म्हणून १०० पौंड पाठवले. त्यांनी त्या हेतूने ते घेण्यास नम्रपणे नकार दिला, तेव्हा दात्याने ते अनाथांसाठी वापरू दिले. वडिलांनी ज्या म्हातारपणासाठी मुलाला पाळक करायचे ठरवले होते, त्याच म्हातारपणाची तरतूद मुलाने नाकारली.

आता आक्षेपाचे उत्तर सोपे होते. लॉटरीचा पैसाही न कमावलेला, आणि म्युलर साहेबांकडे येणारा पैसाही कमावलेला नव्हता. दोन्ही अचानक येत. पण लॉटरीच्या बक्षिसात हजारो हरलेल्यांचे पैसे असतात. त्यांतल्या एकानेही ते विजेत्याला प्रेमाने दिलेले नसतात, प्रत्येकाला ते स्वतःला मिळायला हवे होते. त्यात हमालाची मजुरी असते, एखाद्या घरातल्या मुलाच्या शाळेची फी असते. अनाथगृहाच्या पेटीतल्या पैशात मात्र त्या शिवणकाम करणाऱ्या भगिनीचे मन होते. तेथे कोणी हरले नाही. शिवाय म्युलर साहेबांनी स्वतःच्या लाभासाठी काही पणाला लावले नव्हते. १८३८ नंतरच्या काही वर्षांत असे दिवस आले की सकाळी त्या दिवसाच्या भाकरी-दुधापुरतेही पैसे नसत. तेव्हा बाहेर कोणाला न सांगता ते आणि त्यांचे सहकारी प्रार्थनेला बसत, आणि स्वतःजवळ जे असे ते आधी देत. मुलांना जेवणाशिवाय राहावे लागले नाही.

काम वाढत गेले. शहराबाहेर ॲशली डाऊन या टेकडीवर १८४९ साली ३०० मुलांसाठी पहिली मोठी इमारत उभी राहिली. १८७० पर्यंत अशा पाच इमारती झाल्या आणि २,००० हून अधिक मुलांची सोय झाली. त्यांच्या हयातीत १०,००० हून अधिक अनाथ तेथे वाढले. मुलगे धंदा शिकायला उमेदवारीवर जात, मुली घरकामाचे शिक्षण घेऊन चांगल्या घरी कामाला लागत. अनाथगृहे, शाळा, शास्त्रवाटप व मिशनरी कार्य मिळून सुमारे १५ लाख पौंड त्यांच्या हातून खर्च झाले. त्यांना स्वतःला म्हणून जे मिळाले त्यातूनही त्यांनी ८१,००० पौंडांहून अधिक देऊन टाकले.

आणि ते मिशनरी होण्याचे काय झाले? लॉटरीच्या तिकिटाने उघडलेले दार बंद झाले होते. पण शेकडो मिशनऱ्यांना त्यांच्याकडून मदत गेली, चीनमधील हडसन टेलर यांच्या कार्यालाही गेली. मग १८७५ साली, सत्तरीला आल्यावर, ते स्वतः निघाले आणि १८९२ पर्यंत ४२ देशांत उपदेश करीत फिरले. आपल्या भारतातही ते आले. १८९० साली ते जबलपूर येथे असता त्यांची एकुलती एक कन्या लिडिया वारल्याची बातमी त्यांना मिळाली. आपल्या मध्य भारताच्या भूमीवर त्या वृद्ध पित्याने ते दुःख सोसले. आपल्या पंडिता रमाबाईंनी म्युलर साहेबांचे आत्मवृत्त वाचले होते. केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो स्त्रिया व मुली यांचा भार केवळ देवावर टाकण्याचा धीर आपल्याला ज्या पुस्तकांतून मिळाला, त्यांत त्यांनी या पुस्तकाचा उल्लेख केला आहे. दुष्काळात केडगावला शिजलेल्या भाकरीशी ब्रिस्टलचे नाते आहे ते असे.

१० मार्च १८९८ रोजी सकाळी म्युलर साहेब अनाथगृहातील आपल्या खोलीत प्रभूकडे गेले. आदल्या संध्याकाळी ते प्रार्थनासभेत हजर होते. लक्षावधी पौंड ज्यांच्या हातांतून गेले त्यांची स्वतःची मालमत्ता, पुस्तके व सामान धरून, सुमारे १६० पौंडांची निघाली.

आता आमच्या सोडतीची गोष्ट पुरी करतो. मंदिराचे छप्पर झाले, आणि ते आजही गळत नाही. पण पुढच्या वर्षी भिंतीच्या कामासाठी वर्गणी मागायला आम्ही गेलो, तेव्हा पहिल्याच घरी आम्हाला विचारण्यात आले की यंदा बक्षीस काय ठेवले आहे? दुसऱ्या घरीही तेच. आम्हीच त्यांना तसे शिकवले होते. घेण्याच्या आशेने देण्याची सवय आम्ही देवाच्या मंदिराच्या नावाने लावली, आणि ती मोडायला आमच्या पाळकांना कित्येक वर्षे लागली. म्हणून ज्या मंडळ्या मेळाव्यांत सोडतीची तिकिटे विकतात किंवा पैसे लावून हौजी खेळवतात, त्यांना आमची हात जोडून विनंती आहे की रक्कम मोजण्याआधी त्यांनी हाही खर्च मोजावा.

आणि चहाच्या वेळी विचारलेला तो प्रश्न? आमचे मत असे आहे. तिकीट घेऊ नये, आणि बक्षिसाच्या आशेवर प्रभूला नवस बोलू नये. दहा रुपयांच्या तिकिटातून मंदिर बांधण्याची स्वप्ने पाहण्यापेक्षा तेच दहा रुपये रविवारी पेटीत टाकावेत. पण एखाद्याच्या हाती असा पैसा आलाच आणि तो देऊ लागला, तर वडीलजनांनी आधी त्याच्या रकमेकडे पाहू नये, त्याच्याकडे पाहावे. म्युलर साहेबांनी त्या भगिनीला जवळ बसवले तसे त्याला बसवावे. त्याचे कर्ज आहे काय, घरी मुले उपाशी आहेत काय, हा पैसा कोणाकोणाच्या खिशातून आला याचा त्याने विचार केला आहे काय, आणि पुढचे तिकीट त्याच्या खिशात आहे काय, हे प्रेमाने विचारावे. खिशात पुढचे तिकीट असेल तर दान परत करावे, पण त्या भावाला परत पाठवू नये. त्याच्यासोबत गुडघे टेकावेत. वाग्नर यांच्या घरी एका जुगारी, लबाड विद्यार्थ्यासाठी कोणीतरी तेवढेच केले होते.